वाळवंटातले देठवाले पफबॉल गोळा करून हर्बेरियमसाठी (सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) कसे ठेवायचे: नव्या मंडळींसाठी

बडोद्यात बॉटनी शिकणारी किंवा नुसती हौस म्हणून निसर्गात हिंडणारी आपली बरीच मराठी मुलं पावसाळ्यानंतर कच्छला जातात, फ्लेमिंगो बघतात, पांढऱ्या रणाचे फोटो काढतात आणि पायाखाली वाळूत उभ्या असलेल्या त्या तपकिरी काडीवरच्या गोळ्याकडे कोणी बघतच नाही. तो गोळा म्हणजे देठवाला पफबॉल, एक भूछत्रच, पण छत्री न उघडणारं, आतल्या आत बीजाणूंची पूड तयार करून ती वाऱ्यावर सोडणारं. वाळवंटाला हे फार सोयीचं आहे कारण नाजूक छत्री तिथल्या उन्हात तासाभरात वाळून जाईल, हे मात्र सुकून लाकडासारखं होतं आणि महिनोन्‌महिने उभं राहतं. म्हणूनच नवशिक्याला सुरुवात करायला हा गट मस्त आहे, पावसाच्या नेमक्या दिवशी पोचला नाहीत तरी काहीतरी हाती लागतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. सुका पफबॉल कितीही सुंदर असला तरी तो कुठल्या मातीत, कशाखाली, कधी मिळाला हे लिहिलेलं नसेल आणि बुडखा तुटलेला असेल तर त्याचा अभ्यासाला जवळजवळ उपयोग नाही. उलट मोडका-तोडका, किड्याने थोडा खाल्लेला नमुना असेल पण बुडख्यासकट आणि नीट लेबलासकट असेल तर शंभर वर्षांनी पण कोणीतरी तो उघडून काम करेल. वाळवंटात ही भूछत्रं एखाद्या वर्षी चांगल्या पावसावर येतात आणि मग त्याच जागी कित्येक वर्षं दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक पुडी (नमुना लेबलासकट कागदात बांधून ठेवतात ती) महत्त्वाची.

आधी ओळख, थोडक्यात

जुन्या पुस्तकांत हे सगळे गॅस्टेरोमायसिटीज नावाच्या एका मोठ्या गटात टाकलेले असतात, आता डीएनएमुळे तो गट मोडला आणि यातले बरेचसे नेहमीच्या अगॅरिकस अळंबीच्या नातेवाइकांत जाऊन बसले. शेतात-वाळूत उभं राहून ओळखायला मात्र जुनीच पद्धत कामाला येते.

पोडॅक्सिस सगळ्यात आधी शिका. लांबट, मिटलेल्या छत्रीसारखं डोकं, वर खवले, आणि मुख्य खूण म्हणजे देठ डोक्याच्या आतून थेट शेंड्यापर्यंत जातो, उभं कापलं की लगेच दिसतं. राजस्थानच्या थरकडे लोक कोवळं असताना याला खुंबी म्हणून भाजी करून खातात. याचा इतिहास आपल्याशी जोडलेला आहे, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने 1771 साली याला पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते भारतातून कोनिग नावाच्या निसर्गअभ्यासकाने पाठवलेल्या नमुन्यावरून. ऑस्ट्रेलियातले आदिवासी म्हणे याच्या पुडीने पांढरे केस काळे करायचे आणि माश्या हाकलायला पण वापरायचे.

ट्युलोस्टोमा छोटा असतो, वाटाण्यापासून छोट्या बोराएवढी पिशवी, खाली काडीसारखा देठ, आणि पिशवीच्या माथ्यावर एक बारीक तोंड. जगात शंभराहून जास्त जाती आहेत आणि नवशिक्याचा घाम निघतो तो इथेच. बाटारिया उंच, पार हातभर पण होऊ शकतो, देठावर काथ्यासारखे तंतू, बुडाशी जमिनीत पिशवीसारखा वोल्वा, आणि डोक्याची वरची टोपी गोल कापल्यासारखी निघून गंजासारखी पूड उघडी पडते. फेलोरिनियाला तोंडच नसतं, देठ आणि पिशवी यांच्यात सांधा पण दिसत नाही, एकातून दुसरं फुगत गेल्यासारखं, आणि वरचा भाग वेडावाकडा फाटतो. मोंटॅग्नियाच्या डोक्यावर छोटी चकती आणि तिच्या कडेने काळ्या पाती लोंबलेल्या. क्लॅमिडोपसला वर तोंड आणि खाली वोल्वा दोन्ही. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं.

जायच्या आधी परवानगी

हे कंटाळवाणं वाटतं पण टाळू नका. छोट्या रणात घुडखर अभयारण्य आहे, मोठ्या रणाचा मोठा भाग कच्छ वाळवंट अभयारण्यात येतो, तिथून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक काडी पण उचलायची नाही, आणि सीमेजवळच्या पट्ट्यात जायला वेगळा परवाना लागतो. कोणाच्या खाजगी शेतात किंवा गावच्या गायरानात असाल तर तिथल्या माणसांना विचारा, गुजरातीत दोन वाक्यं बोललात की लोक स्वतःहून दाखवायला येतात आणि कुठे कधी उगवतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. नमुना पुढे परदेशात पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा 2002 लागू होतो, ते काम संस्थेमार्फतच करा.

रात्रीच्या गाडीने भुजला गेलात तर सकाळी लवकर काम सुरू करता येतं आणि ते बरं, कारण तिरप्या उन्हात या काड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि लांबून दिसतात. दुपारी बारा वाजता वाळूच्या रंगाचा ट्युलोस्टोमा पायाखाली असला तरी दिसत नाही.

सामान

खुरपं किंवा जुना जाड सुरा, कागदी पिशव्या (प्लास्टिक नको, अजिबात नको, आत घाम धरतो आणि बुरशीवर बुरशी येते), छोट्या कडक डब्या किंवा काड्यापेट्या ट्युलोस्टोमासाठी, मऊ ब्रश, पट्टी, पेन्सिल, वही, आणि मास्क. मास्क गंमत म्हणून सांगत नाहीये, पफबॉलची पूड भरपूर प्रमाणात छातीत गेली तर फुफ्फुसाला सूज येते, त्या आजाराला लायकोपेर्डोनोसिस असं नावच आहे. मुलं हौसेने फुसकन दाबून बघतात, त्यांना लांब ठेवा. दम्याचा त्रास असेल तर पूड हाताळायचं काम दुसऱ्या कोणाला द्या.

पेन्सिलच का तर पेनाची शाई घामाने आणि पावसाने पसरते.

जागेवर काय करायचं

दिसलं की लगेच उपटू नका, हा मोह सगळ्यांना होतो. आधी फोटो, लांबून एक ज्यात आजूबाजूची झाडं-माती दिसेल, मग जवळून पट्टी ठेवून, मग वरून तोंडाचा, मग बाजूने पिशवी आणि देठ जिथे जुळतात तिथला. ट्युलोस्टोमात तो सांधा फार महत्त्वाचा, काहींमध्ये देठ पिशवीत अगदी घट्ट बसलेला असतो तर काहींमध्ये गळ्याशी मोकळी खोबण असते, आणि सुकल्यावर पिशवी निखळून पडली तर हे कळायला काही मार्ग राहत नाही.

मग आजूबाजूने खुरप्याने खोल गोल करून मातीच्या ढेकळासकट उचला. बाटारियाचा वोल्वा चांगला खोल गेलेला असतो, वरून ओढलात तर देठ हातात येतो आणि वोल्वा जमिनीतच राहतो, मग तो बाटारिया आहे हे सांगायला फक्त पूड उरते. ट्युलोस्टोमाच्या बुडाशी बुरशीचे धागे आणि वाळू यांचा गोळा असतो, तो झाडून टाकू नका. पिशवीच्या तळाला चिकटलेली वाळूची साल पण काढायची नाही, ती बाहेरच्या आवरणाची, एक्झोपेरिडियमची खूण असते आणि ती कागदासारखी आहे की धाग्यांची आहे यावर जात ठरते. नीटनेटकं दिसावं म्हणून ब्रशने घासून चकचकीत केलेले नमुने हर्बेरियममध्ये येतात तेव्हा ओळखणाऱ्याच्या कपाळाला हात लागतो.

शक्य असेल तर एकाच जागचे वेगवेगळ्या वयाचे घ्या, एक न फुटलेला कोवळा, एक ताजा उघडलेला, एक म्हातारा. पण सगळे नका उचलू, निम्म्याहून जास्त जागेवर राहू द्या. आणि एका पिशवीत एकाच जागचे, पंधरा पावलांवर दुसरा झुपका दिसला तर त्याला वेगळी पिशवी आणि वेगळा नंबर, दिसायला सारखे असले तरी. ट्युलोस्टोमाच्या दोन जाती शेजारी-शेजारी उगवतात आणि एका पुडीत मिसळल्या की पुढे जो उघडेल त्याला त्या वेगळ्या करताना नाकीनऊ येतात.

आता वही. तुमचा स्वतःचा चालू नंबर ठेवा, एक पासून सुरू आणि आयुष्यभर तोच पुढे, दर ट्रिपला परत एक नाही. तारीख, जिल्हा, जवळचं गाव, तिथून किती किलोमीटर आणि कुठल्या दिशेला, मोबाइलवरचं जीपीएस, उंची. त्यानंतर जे लोक लिहीत नाहीत ते: माती कशी (वाळू, खारट पांढरी, काळी, मुरूम), कशाखाली (गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, खिजडो म्हणजे शमी, गवत, उघडं), वारूळ किती जवळ, गुरांचं शेण आहे का, शेवटचा मोठा पाऊस कधी झाला. समजा भिरंडियाराच्या उत्तरेला बन्नीच्या गवताळ पट्ट्याच्या कडेला काही मिळालं तर ‘कच्छ’ एवढंच लिहून चालणार नाही, कच्छ हा देशातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे, त्यात वाळू पण आहे, खारट चिखल पण आहे आणि डोंगर पण.

वारुळाचं खास सांगते. दक्षिण आफ्रिकेत पोडॅक्सिस वाळवीच्या वारुळांवर उगवतो आणि 2016 मध्ये तिथल्या नमुन्यांवर डीएनएचं काम झालं तेव्हा दिसलं की पोडॅक्सिस पिस्टिलारिस या एका नावाखाली खरं तर बऱ्याच वेगळ्या जाती लपलेल्या आहेत, वारुळावरच्या वेगळ्या आणि उघड्या वाळूतल्या वेगळ्या. हे काम जमलं कारण हर्बेरियममधल्या जुन्या पुड्यांवर वारूळ की वाळू ते लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या पुड्यांवर ते लिहिलेलं असेल तर आपल्या पोडॅक्सिसचा प्रश्न पण एक दिवस सुटेल, म्हणून वारूळ दिसलं तर लिहा आणि नाही दिसलं तर ‘नाही’ असं पण लिहा.

सुकवणं आणि किडे

म्हातारे पफबॉल सुकलेलेच असतात असं वाटतं पण बुडख्यात आणि कोवळ्या पोडॅक्सिसमध्ये चांगली ओल असते. भाजीपाला सुकवायचं डिहायड्रेटर मिळालं तर 40 ते 45 डिग्रीवर रात्रभर ठेवा, जाड देठ असेल तर जास्त वेळ, देठ वाकवला की कट्‌कन मोडेल असं वाटलं पाहिजे (मोडू मात्र नका). ओव्हन नको, मायक्रोवेव्ह तर नकोच, डीएनए खराब होतो. फॉर्मलिनमध्ये पण बुडवायचं नाही त्याच कारणाने. कोवळा पोडॅक्सिस किंवा मोठा बाटारिया असेल तर एक नमुना उभा चिरून सुकवा म्हणजे आतली रचना दिसते.

बडोद्यात परत आल्यावर खरा शत्रू भेटतो. इथली जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि हळद-मिरचीच्या डब्यात होतात ते बारीक तपकिरी किडे, तेच हर्बेरियममध्ये पण शिरतात आणि आतून खाऊन नुसता भुसा ठेवतात. उपाय साधा आहे, पूर्ण सुकलेला नमुना झिपलॉकमध्ये हवाबंद करून (इथे प्लास्टिक चालतं कारण ओल उरलेली नाही) डीप फ्रीझरमध्ये उणे 20 च्या आसपास आठवडाभर ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार नमुन्यावर पाणी धरतं आणि सगळी मेहनत गेली. मग कोरड्या डब्यात, सोबत सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरा. डांबरगोळ्या घालायची जुनी सवय सोडा, त्या वाफा आपल्याच फुफ्फुसात जातात.

पुडी बांधणं

फुलझाडासारखं पफबॉलला दाबून शीटवर चिकटवत नाहीत, पिशवी चेपली की संपलं. छोट्या ट्युलोस्टोमासाठी जाड, आम्ल नसलेल्या कागदाची घडीची पुडी, किराणा दुकानात पूर्वी साखर बांधून द्यायचे तशी सगळ्या बाजूंनी बंद, आणि आत पिशवी चिरडू नये म्हणून पुठ्ठ्याची छोटी डबी. मोठ्या बाटारिया-पोडॅक्सिसला सरळ पुठ्ठ्याचा खोका. बीजाणूंची पूड सांडतेच, म्हणून आत पातळ कागदाची अजून एक घडी ठेवा, नाहीतर एकाची पूड दुसऱ्यात जाते आणि मायक्रोस्कोपखाली भलतंच दिसतं. चिमूटभर पूड वेगळ्या बारीक पुडीत बाजूला ठेवली तर पुढे प्रत्येक वेळी नमुना उघडावा लागत नाही.

लेबल बाहेर चिकटवा आणि एक चिठ्ठी आत पण टाका. लेबल इंग्रजीत लिहा कारण ते जगभर वाचलं जाणार आहे, पण स्थानिक नाव, गावातल्या माणसाने सांगितलेला उपयोग हे पण लिहा, जसं ऐकलं तसं.

मायक्रोस्कोप

ट्युलोस्टोमाची जात नुसत्या डोळ्यांनी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पूड पाण्यात भिजत नाही, वर तरंगत राहते, म्हणून आधी स्पिरीटचा एक थेंब, मग 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा कॉटन ब्लू (बुरशी रंगवायचा निळा रंग). 100च्या ऑइल लेन्सखाली बीजाणू गुळगुळीत आहेत, काटेरी आहेत की फोडं-फोडं आहेत ते बघा, निदान 20-30 मोजा, आणि सोबतचे धागे पण बघा. बाटारियाच्या पुडीत स्प्रिंगसारख्या वळ्यांचे छोटे तुकडे दिसतात, इलेटर म्हणतात त्यांना, एकदा दिसले की शंका उरत नाही. पोडॅक्सिसचे बीजाणू मोठे, गुळगुळीत आणि एका टोकाला भोक असलेले. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) करायची सोय कॉलेजात झाली तर ट्युलोस्टोमासाठी जरूर करा, बीजाणूवरची नक्षी त्यातच खरी कळते. जात नाही ठरली तर लेबलवर नुसतं ट्युलोस्टोमा लिहून थांबा, ते अगदी सन्मानाचं काम आहे, चुकीचं पूर्ण नाव मात्र पुढे डेटाबेसमधून नकाशावर जाऊन बसतं.

जुन्या पुड्या बघायला जाताना

आपला नमुना कशाशी ताडून बघायचा तर जुन्या पुड्यांशी. बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या बॉटनी डिपार्टमेंटचं हर्बेरियम आहे, पण बुरशींसाठी देशातली मोठी ठिकाणं म्हणजे दिल्लीला आयएआरआयमधलं (भारतीय कृषी संशोधन संस्था), जे बुरशीतज्ज्ञ बटलरने 1905 मध्ये बिहारमधल्या पुसाला सुरू केलं आणि 1934 च्या भूकंपानंतर संस्थेबरोबर दिल्लीला आलं, आणि पुण्याला आघारकर संस्थेतलं अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम. पुणं तर आपल्याला एका रात्रीवर. जगात सगळ्यात मोठं लंडनजवळ क्यूच्या वनस्पती उद्यानात, तिथे साडेबारा लाखांवर बुरशींचे नमुने आहेत. पलीकडच्या बाजूला सिंध-पंजाबच्या पफबॉलवर लाहोरच्या सुलतान अहमद यांनी 1952 मध्ये काम छापलं, आपलं रण आणि त्यांचं वाळवंट एकच पट्टा आहे त्यामुळे ते आधी वाचा. ट्युलोस्टोमासाठी अर्जेंटिनाच्या राइट यांचा 1987 चा जागतिक मोनोग्राफ (या एकाच गटावरचा सविस्तर ग्रंथ), अजूनही सगळे त्यालाच धरून चालतात.

ऑनलाइन शोधताना जीबीआयएफ (सगळ्या सजीवांच्या नोंदींचा जागतिक डेटाबेस) आणि मायकोपोर्टल (बुरशींच्या नमुन्यांचा) वापरा, जीबीआयएफवर ‘प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन’ म्हणजे जपून ठेवलेला नमुना एवढंच निवडा नाहीतर मोबाइलचे फोटो पण मिसळून येतात. आणि जुनी स्पेलिंगं टाकून बघायला विसरू नका, ट्युलोस्टोमा पूर्वी बरेच जण टायलोस्टोमा लिहायचे, पोडॅक्सिसचं पोडॅक्सॉन, बाटारियाची तर तीन-चार रूपं. जागांचं पण तसंच, कच्छ ‘सी’पासून लिहिलेला असेल, राजस्थानऐवजी राजपुताना, आणि आपला भाग ‘बडोदा स्टेट’. हे न करता ‘काही सापडलं नाही’ म्हणून परत येणारे बरेच असतात.

प्रत्यक्ष जायचं तर आधी क्युरेटरना (हर्बेरियम सांभाळणाऱ्यांना) ईमेल करा, कुठल्या पुड्या बघायच्या ते नंबरासकट लिहा. हातात हातमोजे घाला, कारण किडे लागू नयेत म्हणून पूर्वी नमुन्यांवर मर्क्युरिक क्लोराइड मारायचे आणि ते विष अजून तसंच असतं. बीजाणू काढायचे असतील तर विचारूनच, आणि चिमटीच्या टोकावर मावतील एवढेच. जुनं नाव चुकीचं वाटलं तरी जुन्या लेबलवर खाडाखोड करायची नाही, छोट्या चिठ्ठीवर तुमचं मत, नाव, तारीख लिहून पुडीत ठेवायची, आधीची सगळी लेबलं तशीच राहू द्यायची. एका पुडीत चार जणांच्या चार चिठ्ठ्या असल्या तर ती पुडी वाचायला फार मजा येते, माणसांचा विचार कसा बदलत गेला ते कळतं.

शेवटी जमा करणं

घरच्या कपाटात ठेवलेला संग्रह आपण बदलीवर गेलो किंवा घर रंगवायला काढलं की जातो. म्हणून नमुना पुरेसा असेल तर दोन भाग करा, एक जवळच्या कॉलेज-युनिव्हर्सिटीला, एक पुणे किंवा दिल्लीला, सोबत वहीतल्या नोंदी टाइप करून आणि परवानगीच्या पत्राची झेरॉक्स जोडून. आधी विचारून पाठवा, खोका कुरिअरने पाठवताना आत कापूस नको, धागे चिकटतात, टिश्यू पेपर भरा. त्यांच्याकडून ॲक्सेशन नंबर (हर्बेरियमचा नोंदणी क्रमांक) आला की तो तुमच्या वहीत त्या नमुन्यासमोर लिहा, आणि फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींची वेबसाइट) टाकले असतील तर तिथे पण तो नंबर घाला, म्हणजे फोटो बघणाऱ्याला खरी पुडी कुठे आहे ते सापडेल.